बुधल्यातला गुलाब

माझ्या पणजोबांचं एक वाक्य आमच्या घरात वतनासारखं चालत आलं आहे. ‘तुर्कस्तानच्या सुलतानाच्या जनानखान्यात जो गुलाब दरवळतो, त्यातले रुपयात चार आणे आपल्या डोंगराचे असतात.’ पणजोबा नंदुरबारला तेलाच्या एका पेढीवर दिवाणजी होते. दिवाणजी माणूस हिशेबात चार आणे इकडचे तिकडे होऊ देत नाही, अशी पुस्ती माझे आजोबा, म्हणजे आबा, जोडायचे. घरातल्या बायकांना हे सगळं पाठ होतं. पुरुषमाणसं सुलतानावर आली की त्या भाकरी थापायला उठायच्या. मिरची, ज्वारी आणि तुरीच्या गावाचा सुलतानाशी संबंध तो काय लागणार! गुलाब म्हणाल तर गल्लीत दोन-तीन अंगणांत, तोही देवाला वाहण्यापुरता.

संबंध लागतो तो एका गवतामुळे. खानदेशात त्याला रोशा म्हणतात, मेळघाटात आणि वऱ्हाडाकडे तिखाडी. गवती चहाच्याच कुळातलं हे गवत, शास्त्रीय नाव सिंबोपोगॉन मार्टिनी. सातपुड्याच्या उतरणीवर, जिथे माती थोडी आणि मुरूम फार, तिथे ते ठोंब धरून उभं राहतं आणि पावसाळा सरता सरता फुलोऱ्यावर येतं. त्या दिवसांत एखादा तुरा बोटांत चुरगळला तर आधी वाळल्या गवताचा वास येतो, मग लिंबाच्या सालीचा, आणि थोडं थांबलं की गुलाबाचा. पहिले दोन उडून जातात. तिसरा बोटांवर बराच वेळ टिकतो. पणजोबांच्या पेढीचा सगळा व्यवहार या तिसऱ्या वासावर चालायचा.

घरातली बढाई एका बाजूला ठेवून सरकारी कागद उघडले तरी गोष्ट फारशी बदलत नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा खानदेशचा खंड 1880 साली निघाला, जेम्स कॅम्बेल त्याचे संपादक. गॅझेटिअरला बढाई मारायची हौस नसते, त्याची नजर उत्पन्नावर आणि साऱ्यावर. त्यात रोशाच्या तेलाची सविस्तर हकिगत आहे. हा उद्योग मूळचा पिंपळनेरचा, पुढे तो नंदुरबार, शहादा, तळोद्याकडे पसरला, अक्राणीच्या डोंगरांइतकं दाट गवत दुसरीकडे क्वचितच, भट्ट्या शंभरावर, भट्टीवाले मुसलमान, आणि माल घेणारे व्यापारी मुख्यतः नंदुरबारचे. पणजोबांचा जन्म याच सुमाराचा. म्हणजे ते पेढीवर बसू लागले तेव्हा धंदा चांगला रुळलेला होता.

भट्टी कशी लावतात हे मात्र मला कुठल्याही खंडाच्या आधी भट्टीवाल्या चाचांनी दाखवलं. चाचा आबांच्या बरोबरीचे. घराणं मूळचं बुऱ्हाणपूरचं, असं ते सांगत. मी शाळकरी असताना त्यांचा धंदा उतरणीला लागला होता, तरी दिवाळीच्या आगेमागे वाहत्या नाल्याच्या काठी त्यांची एखादी तरी भट्टी लागायचीच. मोठाल्या दगडांची चूल, तिच्यावर खोल लोखंडी काहील. गवत कोयत्यानं तुकडे करून काहिलीत दाबून भरायचं, त्यात पाणी सोडायचं आणि वर लाकडी झाकण बसवायचं. झाकणाची सांध उडदाच्या पिठानं लिंपायची. चाची परातीत घट्ट पीठ भिजवून आणायच्या आणि चाचा ते अंगठ्यानं सांधेत बसवत जायचे. मध्येच एखादा गोळा माझ्या हातावर ठेवायचे आणि बजावायचे, ‘खाना नहीं, दबाना.’ उडदाचं पीठ तापलं की चिवट होऊन आवळून धरतं, वाफेला चीर सापडू देत नाही. नुसती माती तडकते. झाकणाला भोक, भोकात पोकळ बांबू, बांबूवर सुतळीचे वेढे. बांबूचं दुसरं टोक नाल्याच्या पाण्यात बुडवलेल्या तांब्याच्या हंड्यात. त्याचंही तोंड उडदानंच बंद केलेलं. खालून जाळ लागला की गवतातलं तेल वाफेच्या सोबतीनं बांबूतून निघतं आणि हंड्यात पोचून गार होतं. पाणी खाली, तेल वर.

एवढं वाचून कुणालाही वाटेल की हे आपल्याला जमेल. खरी कसोटी जाळाची. जाळ मोठा झाला की तळाचं गवत करपतं, आणि मग तेलाला जो जळका वास लागतो तो काही केल्या जात नाही. मंद झाला तर निम्मं तेल गवतातच राहतं. चाचा लाकूड आत सरकवण्याआधी बांबूला हात लावून बघायचे. आम्हा पोरांना एकच काम, हंड्याभोवतीचं पाणी फळीनं हलतं ठेवायचं. आम्ही खेळात रमलो की चाचांची हाक यायची, ‘पानी गरम हुआ तो माल गया!’

गवत शिजायला वेळ लागायचा आणि त्या वेळात चाचांच्या गोष्टी निघायच्या. त्यांची आवडती गोष्ट नूरजहाँची. बेगमसाहेबांनी लग्नात बागेतला पाट गुलाबपाण्यानं भरवला होता, उन्हात त्यावर तवंग आला, त्यांनी तो बोटावर घेतला, आणि जगातलं पहिलं गुलाबाचं अत्तर जन्माला आलं. ‘हमारा धंदा बेगमों से चला है,’ असं म्हणून ते काहिलीकडे बघायचे. जहांगीरानं आपल्या आठवणींत ही हकिगत थोडी वेगळी लिहून ठेवली आहे. शोध लावणारी नूरजहाँ नव्हे, तिची आई अस्मत बेगम. गुलाबपाणी काढताना गरम पाणी भांड्यांत ओतलं जाई, त्यावर चिकट साय धरे. ती साय तिनं थोडी थोडी करून जमवली. जहांगीर त्या वासानं इतका खूष झाला की त्यानं सासूला मोत्यांची माळ दिली, आणि सलीमा सुलतान बेगमनं त्या तेलाला ‘इत्र-ए-जहांगिरी’ असं नाव ठेवलं. मला स्वतःला आईचीच गोष्ट खरी वाटते. भांड्यावरची साय वाया जाऊ न देणं हे घर चालवणाऱ्या बाईचं लक्षण आहे, नव्या नवरीचं नव्हे. चाचांना हे पटलं नसतं.

तेल निघालं की ते पुन्हा एकदा तापवून निवळायचं आणि बुधल्यांत भरायचं. बुधला म्हणजे कातडी भांडं. चाचांच्या हातात पत्र्याचे डबे आले होते, पण त्यांच्या आजोबांच्या काळी सगळा माल कातड्यात जाई. बैलांच्या पाठीवर बुधले लादून तांडा डोंगर ओलांडून इंदूरकडे किंवा खाली सुरतेकडे निघायचा. कातडं कितीही शिवलं तरी पाझरतंच. आबा सांगायचे, तेलाच्या तांड्यातल्या बैलांच्या अंगावर माशी बसत नसे, आणि तांडा गेलेल्या वाटेवर दोन दिवस वास राहायचा. दोन दिवसांची गोष्ट राहू दे, पण माशीची मानायला हरकत नाही. रोशाच्या तेलाला डास-माश्या टिकत नाहीत, म्हणून तर ते आजही मच्छर पळवणाऱ्या मलमांत घालतात. 1900 च्या सुमारास तापी खोऱ्याची रेल्वे नंदुरबारवरून धावू लागली आणि बैल सुटले. पणजोबांच्या म्हणण्याप्रमाणे त्याच वर्षापासून वाटेत तेल कमी होण्याचं प्रमाण घटलं आणि मुंबईत तेल वाढण्याचं प्रमाण वाढलं.

मुंबईत तेल कसं वाढतं, हे पुढे सांगतो. आधी ते जात कुठे होतं ते.

मुंबई बंदरातून हे तेल एकोणिसाव्या शतकात चांगलंच बाहेर जात होतं. 1867 च्या मार्चअखेरच्या एका वर्षाचा आकडा चाळीस हजार पौंड वजनाच्या वरचा आहे. काही इंग्लंडला जाई, बरंचसं तांबड्या समुद्राच्या बंदरांत. पेढीवर बाहेर जाणारा माल ‘जेद्द्याचा’ म्हणूनच ओळखला जायचा. हाजी लोक मक्केला नेतात, असा आमच्या घरातल्या बायकांचा समज होता, तो इथूनच आला असणार. पण जेद्दा हे नाक्याचं ठिकाण. तिथून अरब व्यापारी माल कॉन्स्टँटिनोपलला पोचवत. तिथल्या बाजारात त्याचं नाव इद्रिस याघी. युरोपातल्या व्यापाऱ्यांनी तर त्याला तुर्की जिरॅनियमचं तेल करून टाकलं होतं. नंदुरबारचं नाव एकाही पावतीवर नाही.

कॉन्स्टँटिनोपलमध्ये या तेलावर एक संस्कार व्हायचा. लिंबाचा रस घातलेल्या पाण्यात ते घुसळायचे आणि पसरट भांड्यांत उन्हात ठेवायचे. गवताचा रांगडेपणा आणि पिवळसर रंग कमी व्हायचा, गुलाब पुढे यायचा. मग हे गोरंगोमटं झालेलं तेल बाल्कनच्या डोंगरांतल्या कझानलकच्या खोऱ्यात पोचायचं. तो मुलूख आज बल्गेरियात आहे, तेव्हा तुर्की अमलाखाली होता. फ्ल्युकिगर आणि हॅनबरी या दोन औषधशास्त्रज्ञांनी 1874 च्या ‘फार्माकोग्राफिया’ या ग्रंथात युक्ती नोंदवून ठेवली आहे. तयार अत्तरात गवताचं तेल नुसतं मिसळलं तर जाणकाराचं नाक ते पकडेल. म्हणून ऊर्ध्वपातनाच्या आधीच ते गुलाबाच्या पाकळ्यांवर शिंपडत. पाकळ्या आणि गवत एकाच वाफेतून निघाले की त्यांची गाठ सुटता सुटत नाही.

या लबाडीचं मूळ समजून घ्यायला गुलाबाचा कंजूषपणा समजून घ्यावा लागतो. कझानलकच्या खोऱ्यात मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, जेमतेम महिनाभर, दमास्क गुलाब फुलतो. खुडणी पहाटे, दव असताना. ऊन चढलं की तेल फुलातून उडू लागतं, म्हणून दहाच्या आत टोपल्या भरल्या पाहिजेत. एक किलो तेलाला तीन ते चार हजार किलो फुलं लागतात. जुन्या पद्धतीत तांब्याच्या लहान भपक्यात एका वेळी थोडी फुलं आणि भरपूर पाणी घालत. त्यातून येतं ते गुलाबपाणी, तेल नव्हेच. अनेक घाण्यांचं असं पहिलं पाणी जमवून ते पुन्हा भपक्यात घालायचं, तेव्हा कुठे बाटलीच्या गळ्याशी बोटभर पिवळट थर दिसतो. तो काढायला निमुळता, तळाला सुईएवढं छिद्र असलेला चमचा असतो. छिद्रातून पाणी गळून जातं, तेल थांबतं. साठवण कथिल लावलेल्या तांब्याच्या चपट्या कुप्यांत, त्यांवर पांढऱ्या नमद्याची खोळ आणि मोहोर. अशा वस्तूत कुणी काही मिसळणारच नाही, असं मानायला फार भोळं असावं लागतं.

ग्राहकही काही दूधखुळे नव्हते. अस्सल गुलाबतेल गारठ्यात गोठतं, कारण त्यात मेणासारखा एक बिनवासाचा भाग असतो. व्यापारी बाटली गार पाण्यात धरून स्फटिक कधी दिसतात ते बघत आणि त्यावर भाव ठरवत. गवताचं तेल गोठत नाही. त्याची भर पडली की गोठण लांबते, चोरी उघडी पडते. यावर उतारा म्हणून देवमाशाच्या डोक्यातलं मेण घालू लागले. म्हणजे लंडनमधल्या एखाद्या बाईच्या रुमालावरच्या गुलाबात बाल्कनचं फूल, सातपुड्याचं गवत आणि समुद्रातला देवमासा, असे तिघे एकत्र. पणजोबांना देवमाशाचं ठाऊक नव्हतं. गवताचं पक्कं ठाऊक होतं आणि त्याची त्यांना लाजही नव्हती. ते म्हणत, गुलाब मोठ्या घरचा पण अशक्त. आपलं तेल त्याला हाताला धरून चालवतं.

माझं मत विचाराल तर पणजोबांचा चार आण्यांचा हिशेब उगीच नम्र होता. त्या काळी काही मालात गवत चार आण्यांहून बरंच जास्त असणार.

आता मुंबईतल्या वाढत्या तेलाची गोष्ट. गुलाबात भेसळ करायला निघालेला हा माल वाटेत स्वतःच भेसळीला बळी पडायचा. विल्यम डायमॉक हे मुंबईत सरकारी औषधसाठ्याचे अधिकारी होते. त्यांनी वॉर्डन आणि हूपर यांच्यासह 1890 च्या सुमारास ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा मोठा ग्रंथ काढला. या तेलात टर्पेंटाइनपासून भुईमूग-जवसाच्या तेलापर्यंत काय काय मिसळलं जातं, याची त्या काळच्या अशा लिखाणात तक्रारच आहे. पेढीवरच्या लोकांना ही विद्या दोन्ही बाजूंनी येत असावी, असा मला संशय आहे. घरी सांगितली गेली ती अर्थातच एकच बाजू, पकडण्याची.

आबांनी मला ती करून दाखवली होती. टीपकागदाच्या पट्टीवर एक थेंब. पट्टी नाकाशी न नेता वाऱ्यावर थोडी हलवायची. टर्पेंटाइन सर्वांत आधी उठतं, चिडाच्या लाकडाचा झणका देतं आणि निघून जातं. म्हणून पहिला वास घ्यायचा आणि तो काय म्हणतो ते लक्षात ठेवायचं. मग पट्टी कंदिलाच्या काचेजवळ धरायची. रोशाचं चोख तेल उडून जातं, कागद कोरा राहतो. भुईमुगाचं असेल तर तेलकट डाग राहतो आणि तो उजेडाकडे धरला की आरपार दिसतो. तिसरी कसोटी मुंबईकडून शिकलेली. पाणी मिसळलेल्या स्पिरिटमध्ये तेल घालून बाटली हलवायची. चोख तेल विरघळून निवळशंख होतं, रॉकेल किंवा टर्पेंटाइन असलं की दूध फाटल्यागत गढूळ. हंगामात पणजोबा तपकीर बंद ठेवत आणि जेवणात कच्चा कांदा घेत नसत. घरात कुणी लसणाची फोडणी दिली तर ओट्यावर जाऊन बसत. नाक हे त्यांचं पोट होतं, त्याची बडदास्त ठेवावीच लागे.

डोंगरावरची माणसं या हिशेबात कुठेच दिसत नाहीत. गॅझेटिअरात भट्टीवाला आहे, व्यापारी आहे. गवत कापणारा भिल्ल नाही, पावरा नाही. आबा मला एकदा अक्राणीत घेऊन गेले तेव्हा तिथल्या एका पावरा आजीनं गवताच्या गोष्टी सांगितल्या होत्या. तिच्या लहानपणी भाऱ्यांवर रोख पैसा क्वचित मिळायचा, मीठ आणि गूळ मिळायचा, आणि भारा मोजणारा माणूस दोरी आपलीच आणायचा. दोरी वर्षागणिक लांब होत गेली, असं ती म्हणाली. हसत नव्हती. उन्हाळ्यात डोंगराला वणवा लावला तर पावसानंतर गवत दमदार येतं, हे तिला आईनं शिकवलेलं. पण 1878 चा जंगल कायदा आला, डोंगर राखीव झाले, वणवा गुन्हा ठरला आणि गवताचे लिलाव होऊ लागले. तिच्या बोलण्यात साल नव्हतं, ‘माझ्या आज्याच्या वेळी डोंगराला मालक आला’ एवढंच होतं.

तिनंच मला मोतिया आणि सोफिया हा भेद दाखवला. मोतियाचं तेल महाग, सोफियाचं हलकं. पेढीवर मानत की गवत एकच. कोवळेपणी निळसर असतं तेव्हा मोतिया, पिकून लाल झालं की सोफिया. एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींतही असंच आहे. आजीनं मानेनंच नाही म्हटलं. मोतिया उन्हात, कोरड्या उतारावर, ठोंबाठोंबात अंतर ठेवून उगवतो. सोफिया खाली, सावलीच्या ओलसर जागी, दाटीनं. दोघांची भांडी वेगळी. बर्किल नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1909 साली हेच सप्रमाण मांडलं, की एकाच जातीचे हे दोन स्वतंत्र प्रकार आहेत. मोतियापासून पामारोसा मिळतं, सोफियापासून जिंजरग्रास नावाचं दुय्यम तेल. आजीला बर्किल ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, बर्किललाही आजी भेटली नसणार, पण तिच्या आईसारखं कुणीतरी नक्की भेटलं असेल.

रसायनशास्त्रात मात्र आमच्या गवताला मान मिळाला, तोही फुलाच्या आधी. 1871 मध्ये ओस्कार याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं भारतातून आलेल्या या गवताच्या तेलाचं ऊर्ध्वपातन करून त्यातला मुख्य घटक शुद्ध स्वरूपात वेगळा काढला. तो जिरॅनिऑल. रोशाच्या चांगल्या तेलात तो शेकडा पंचाहत्तर-ऐंशीच्या घरात असतो. गुलाबाच्या तेलातही तोच असतो, प्रमाण बरंच कमी. म्हणून तर दोघांची सोयरीक जमली. गवताचं तेल गुलाबात परकं वाटत नाही. मग गवताचा गुलाब का होत नाही? उत्तर मिळायला शतक जावं लागलं. 1970 साली जिनिव्हाच्या संशोधकांनी बल्गेरियाच्या गुलाबतेलात दमास्केनोन नावाचा घटक असल्याचं प्रसिद्ध केलं. त्याचं प्रमाण एक टक्काही नाही, पण गुलाबाची जी खोली, जो मधाळपणा नाकाला जाणवतो, त्यातला मोठा वाटा त्याचा. चिमटीभर हिंगानं वरण बदलावं तसं. जिरॅनिऑल कितीही ओता, ही चिमूट आली नाही तर गुलाब सपाटच लागतो.

आणि आता या कथेतला मला सर्वांत आवडणारा भाग. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जिरॅनिऑल कारखान्यात बनू लागलं. कच्चा माल कुठला, तर टर्पेंटाइनमधला पायनीन! ज्या टर्पेंटाइनची रोशाच्या तेलातली घुसखोरी पकडण्यासाठी पणजोबा तपकीर सोडत होते, त्याच टर्पेंटाइननं रीतसर रसायनांचे संस्कार करून घेऊन रोशाची जागा मिळवली. साबणवाल्यांना ते स्वस्त पडतं, बारमाही मिळतं, पावसावर अवलंबून नसतं. चाचांची भट्टी विझायला आणखीही कारणं होती, लिलावाची बोली चढत गेली, जळण मिळेना, मुलं सुरतेच्या यंत्रमागांवर गेली. तरी चाचांना खरं कारण एकच वाटायचं. ‘लोगों की नाक मर गई,’ ते म्हणायचे.

इतर सुगंधी तेलांच्या नशिबात राजाश्रय तरी होता. म्हैसूर संस्थानानं महायुद्धात चंदनाच्या लाकडाची जर्मनीकडची वाट बंद झाली तेव्हा 1916 मध्ये बंगळूरला स्वतःचा चंदनतेलाचा कारखाना काढला, पाठीशी दिवाण विश्वेश्वरय्या. कनौजनं देग-भपक्यावर आपली गादी टिकवली. केरळला गवती चहाच्या तेलाचा बाजार मिळाला. खानदेशच्या डोंगराला यांतलं काही लाभलं नाही.

घरात मात्र तेल राहिलं. मोठी माय, म्हणजे माझी आजी, गुडघ्याला रोशाचं तेल कोमट करून चोळायची. संधिवाताला ते चालतं हे गॅझेटिअरातही आहे, पण तिला ते सासूकडून कळलेलं. थंडीत आमच्या घरात येणाऱ्या पाहुण्याला वाटे की देवघरात गुलाब वाहिलेत. वास असे तो आजीच्या गुडघ्यांचा. माझी फुई, वडिलांची बहीण, लग्न होऊन गेली तेव्हा रुखवतात पणजोबांच्या वेळची एक बुचाची बाटली होती, आणि इतक्या वर्षांनंतर तिच्या तळाशी उरलेलं काकवीसारखं दाट झालेलं तेल अजून वास देतं.

गेल्या काही वर्षांत रोशा डोंगर उतरून शेतात आला आहे. लखनौच्या सीमॅप या संस्थेनं तृष्णा, तृप्ता, पीआरसी-1 असे वाण काढले. एकदा लावलं की चार-पाच वर्षं पीक उभं, पाणी असेल तर वर्षाला तीन-चार कापण्या, जनावरं तोंड लावत नाहीत. फुईच्या नातवानं शहाद्याकडच्या शेतात हे लावलं. ऊस सोडून. काहिलीच्या जागी आता पोलादी टाकी आहे, शेजारी बॉयलर, बांबूऐवजी नळ्या, आणि उडदाच्या जागी रबरी पट्टी. व्यापारी मुंबईचा. तो बाटली नाकाला लावत नाही, आधी गॅस क्रोमॅटोग्राफीचा कागद मागतो आणि जिरॅनिऑलचा आकडा बघतो.

पहिल्या कापणीचं तेल घेऊन नातू फुईकडे आला तेव्हा मी तिथेच होतो. नव्वदीची बाई, डोळे अधू. तिनं थेंब पदराच्या काठावर घेतला, पदर दोनदा हलवला आणि विचारलं, ‘गवत वलंच टाकं का रे भाऊ?’ त्यानं कबूल केलं. मजूर आले होते, टाकी रिकामी होती, गवत एक दिवस सुकवायला वेळ कुठला? व्यापाऱ्याच्या कागदावर आकडा ऐंशीच्या थोडा खाली आला होता. मग त्यानं शेजारच्या शेतकऱ्याचा, जास्त आकड्याचा ड्रम घेऊन दोन्ही तेलं एकत्र केली आणि नवा कागद काढला. तो ऐंशीच्या वर आला.

‘दोन्ही तेल रोशाचंच आहे आजी, त्यात खोटं काय?’ तो म्हणाला.

‘खोटं काही नही,’ फुई म्हणाली. ‘भाव काय लागना ते सांग.’